डॉक्टर सोक्रातेस : कलावंत कीं कार्यकर्ता?

फुटबॉलच्या खेळाडूचें गुणदोषविवेचन वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कशासाठीं, अशी शंका आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. शंका रास्त आहे. खेळाडूचा खेळ ग्रंथासारखा मागें उरत नाहीं. नव्वद मिनिटें संपलीं कीं तो संपतो, आणि चित्रफितींत जें राहतें तें चित्रांतल्या फुलासारखें. रंग असतो, वास नसतो. शिवाय जयपराजयाचा आंकडा समोर असतांना टीकाकारानें आणखी काय सांगावयाचें? परंतु कांहीं आयुष्यें अशीं असतात कीं तीं आंकड्यांत मावत नाहींत. आणि जो प्रश्न आपण आपल्या ग्रंथकारांना नेहमीं विचारतों तोच तीं आपल्याला उलट विचारतात. ब्राझीलचा फुटबॉलपटु सोक्रातेस याचें आयुष्य अशा आयुष्यांपैकीं आहे.

कला कलेसाठीं कीं जीवनासाठीं, हा फडके-खांडेकर यांच्या नांवांनीं ओळखला जाणारा वाद मराठी वाचकाला नवा नाहीं. दोन्ही पक्षांचीं शस्त्रें परजून झालीं, पिढ्या उलटल्या, तरी वाद मिटला नाहीं. याचें एक कारण असें कीं, वादाच्या भरांत पुष्कळांनीं कला आणि जीवन या दोन निरनिराळ्या पेठा मानल्या आणि माल एकीकडून दुसरीकडे न्यावा कीं नाहीं एवढ्यावरच भांडण चालविलें. सोक्रातेस या भांडणांत कोणत्याहि बाजूला नीट बसत नाहीं. त्याचे एक प्रकारचे चाहते म्हणतात, तो निर्मळ कलावंत होता. राजकारण हा त्याचा छंद. दुसरे म्हणतात, तो लोकशाहीचा शिपाई होता. फुटबॉल हें त्याचें व्यासपीठ. आमचें मत निराळें आहे. मैदानावर तो जें करीत असे तेंच तो मैदानाबाहेर करावयास गेला. आणि दोन्हीकडे तो जेथें उणा पडला तेथेंहि कारण बहुधा एकच होतें.

त्याचा जन्म १९ फेब्रुवारी १९५४ रोजीं उत्तर ब्राझीलमधील बेलेम शहरीं झाला. वडिलांचें शालेय शिक्षण बेताचें, पण वाचनाचें वेड अनावर. थोरल्या मुलाच्या जन्माच्या सुमारास ते प्लेटोचें 'रिपब्लिक' वाचीत होते, म्हणून मुलाचें नांव सोक्रातेस पडलें. पुढल्या दोघांचीं सोस्तेनेस आणि सोफोक्लेस. पुढें हें कुटुंब साओ पावलो प्रांतांतील रिबेइराव प्रेतो या गांवीं येऊन राहिलें. १९६४ सालीं लष्करानें सत्ता बळकावली. त्या वेळीं दहा वर्षांच्या या मुलानें वडिलांना आपलींच पुस्तकें नष्ट करतांना पाहिलें. ज्या घरांत मुलांचीं नांवें ग्रंथांतून निघालीं, त्या घरांत ग्रंथ जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरण्याची भीति उत्पन्न झाली होती. ही आठवण तो पुढें अनेकदां सांगत असे, आणि आपल्या राजकीय जाणिवेचा आरंभ तेथून झाला असें म्हणत असे.

येथें एक विसंगति नमूद करून ठेवणें अवश्य आहे. ज्या ग्रंथावरून त्याचें नांव आलें, त्यांत लोकशाहीची भलामण नाहीं, तिची कठोर परीक्षा आहे. खलाशी सुकाणूसाठीं भांडत आहेत आणि ज्याला ताऱ्यांचें ज्ञान आहे त्याला कोणी विचारीत नाहीं, असा नौकेचा दृष्टान्त प्लेटोनें त्यांत दिला आहे. अथेन्सच्या लोकशाहीवर त्याचा रोष कां होता हें सर्वश्रुत आहे. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्यें तिनेंच रीतसर मतें मोजून त्याच्या गुरूला विषाचा प्याला दिला. त्या गुरूचें नांव धारण करणाऱ्या या ब्राझिलियन मुलानें आपली सारी प्रतिष्ठा मतमोजणीवरच लावावी, हा योगायोग केवळ गंमतीचा नाहीं. प्लेटोच्या आक्षेपाकडे आपल्याला पुन्हां यावयाचें आहे.

आधीं खेळ पाहूं. सोक्रातेस गांवच्या बोताफोगो क्लबकडून खेळूं लागला तेव्हां तो वैद्यकीचा विद्यार्थी होता. अभ्यासामुळें सरावाला जाणें त्याला पुष्कळदां जमत नसे. १९७७ मध्यें तो डॉक्टर झाला, आणि १९७८ मध्यें, चोविसाव्या वर्षीं, साओ पावलोच्या कोरिंथियन्स या अफाट लोकप्रिय क्लबांत दाखल झाला. इतर खेळाडू ज्या वयांत चार-पांच हंगाम खेळून मुरलेले असतात त्या वयांत हा खऱ्या अर्थानें सुरुवात करीत होता. अंग शिडशिडीत, उंची सहा फुटांहून बरीच अधिक आणि पावलें त्या मानानें फार लहान. अशा देहाला चटकन वळतां येत नाहीं. मधल्या फळींत खेळणाराला तर क्षणोक्षणीं वळावें लागतें, कारण त्याच्या चारी दिशांना माणसें असतात. या अडचणींतून त्यानें वाट काढली ती टाचेची. वळण्याऐवजीं तो पाठमोराच राही आणि टाचेनें चेंडू मागच्या सोबत्याला देई. प्रेक्षकांना ती लकब वाटली, अलंकार वाटला. वस्तुतः तें एका उणिवेला दिलेलें उत्तर होतें. काव्यांतहि अस्सल अलंकार असेच जन्मतात. अर्थाला दुसरी वाट उरत नाहीं तेव्हां.

मधल्या फळींतल्या खेळाडूचें काम नेमकें काय, हें ज्यांना या खेळाची फारशी गोडी नाहीं अशा वाचकांसाठीं थोडक्यांत सांगतों. गोल करणें हें आघाडीच्या खेळाडूचें काम, अडविणें हें बचाव फळीचें. मधल्या फळीचें काम देण्याचें. चेंडू कोणाला, केव्हां आणि किती वेगानें द्यावयाचा, हें तिनें ठरवावयाचें. खेळाची लय तिच्या हातीं असते. सोक्रातेसची लय विलंबित होती. विलंबित ख्याल गाणारा कसलेला गवई सम हुकवीत नाहीं, पण समेकडे धांवतहि नाहीं. भोंवतीं सर्व धांवत असतांना हा उंच माणूस मान वर करून चालल्यासारखा दिसे आणि चेंडू पोंचावयाचा त्याच क्षणीं पोंचे. आणि टाचेनें दिलेल्या चेंडूची खरी थोरवी याहून पुढची आहे. टाचेनें देणारा ज्याला देतो त्याच्याकडे पाहत नसतो. सोबती तेथें आहे, त्यालाहि हें सुचलें आहे, हा भरंवसा त्याला आधीं ठेवावा लागतो. भरंवसा खोटा ठरला तर हंसें देणाऱ्याचें होतें. म्हणून या कृतींत कौशल्याइतकाच दुसऱ्याच्या बुद्धीविषयींचा आदर आहे.

या कलेचा कळस १९८२ च्या स्पेनमधील विश्वचषकांत दिसला. कर्णधार सोक्रातेस, मार्गदर्शक तेले सांताना, आणि मधल्या फळींत झिको, फाल्काव व सेरेझो असे सोबती. सोव्हिएट संघाविरुद्ध पहिल्याच सामन्यांत संघ मागें पडला असतां सोक्रातेसनें दोघांना चकवून दुरून मारलेल्या गोलानें बरोबरी साधली, आणि पुढें विजय मिळाला. नंतर स्कॉटलंडवर चार गोल, न्यूझीलंडवर चार, अर्जेंटिनावर तीन. ५ जुलै रोजीं बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर इटलीशीं गांठ पडली. ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. इटलीच्या पाओलो रोस्सीनें तीन गोल केले. ब्राझीलकडून सोक्रातेसनें आणि फाल्कावनें एकेक. सामना ३-२ असा गेला, आणि इटलीनें पुढें चषकहि जिंकला.

त्या दिवसापासून एक सिद्धान्त रूढ झाला आहे: सुंदर खेळ तेथें मेला, बरोबरी पुरत असतांहि ब्राझील आक्रमण करीत राहिला म्हणून हरला, सौंदर्याचा हव्यास नडला. हा सिद्धान्त सोयीचा आहे, पण खेळ पाहिला तर टिकत नाहीं. दुसरा गोल झाला तो सेरेझोनें आपल्याच भागांत आडवा दिलेला सैल चेंडू रोस्सीनें मधल्यामधें पळविल्यामुळें. तिसरा झाला तो कॉर्नरवरून, ब्राझीलचे खेळाडू आपल्या गोलापाशीं परतलेले असतांना. घात सौंदर्यानें केला नाहीं, निष्काळजीपणानें केला. आणि निष्काळजीपणा हा सौंदर्याचा अंश नव्हे. ज्या कवीची ओळ वृत्तांत घसरते त्याच्या कल्पनाशक्तीला दोष देऊन भागत नाहीं. सोक्रातेसचे भाबडे चाहते आणि त्याचे रोखठोक टीकाकार दोघेहि येथें एकच चूक करतात: एक म्हणतो सौंदर्यासाठीं हरले म्हणून थोर, दुसरा म्हणतो सौंदर्यापायीं हरले म्हणून मूर्ख. त्या दिवशींचा सोक्रातेसचा स्वतःचा गोल पाहावा. त्यानें झिकोला चेंडू दिला, झिकोनें अंगाला चिकटलेल्या जेंतिलेला एका गिरकींत मागें टाकून तो परत पुढें सोडला, आणि सोक्रातेसनें गोलरक्षक झोफ व खांब यांच्यामधील चिंचोळ्या फटींतून आंत घातला. त्यांत एकहि फुका हालचाल नाहीं. इतकें हिशोबी सौंदर्य क्वचित् पाहावयास मिळतें.

आतां मैदानाबाहेर येऊं. १९८१ साल कोरिंथियन्सला वाईट गेलें. त्यानंतर क्लबच्या फुटबॉल विभागाचे सूत्रचालक म्हणून आद्रिल्सन नव्हे, तर आदिल्सन मोंतेइरो आल्व्हेस हे समाजशास्त्राचे अभ्यासक आले. त्यांनीं खेळाडूंना, तुम्हांला काय वाटतें, असें विचारलें. प्रश्न साधा होता, परंतु ब्राझीलमधल्या क्लबांत आणि ब्राझील देशांतहि तो विचारण्याची चाल नव्हती. सोक्रातेस, व्लादिमिर, तरुण कासाग्रांदे आदि खेळाडूंनीं तो उचलून धरला आणि १९८२ ते १९८४ या काळांत 'कोरिंथियन्सची लोकशाही' या नांवानें गाजलेला प्रयोग झाला. सरावाच्या वेळा, प्रवास, नवे खेळाडू घेणें या सर्वांवर मतें घेतलीं जात. आणि प्रत्येकाचें मत एक. कर्णधाराचें एक, राखीव खेळाडूचें एक, मालीश करणाराचें एक, कपडे सांभाळणाराचेंहि एक. सामन्यापूर्वीं खेळाडूंना हॉटेलांत कोंडून ठेवण्याची जी जुनी रीत होती, तिच्या सक्तीवर याच मार्गानें गदा आली.

येथें प्लेटोचा आक्षेप पुढें येतो. मालीश करणाराला खेळाडू निवडण्यांतलें काय कळतें? आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, आणि आम्हांस तर तो फारच जवळचा आहे. आम्ही गेलीं तीस वर्षें 'रिपब्लिक'चे वेंचे वर्गांत शिकवीत आहों. दोन वर्षांपूर्वीं एका विद्यार्थिनीनें नौकेचा दृष्टान्त संपल्यावर विचारलें, "सर, ऐच्छिक वाचनाला कोणतें पुस्तक लावावयाचें हें आम्हांला कधींच कां विचारीत नाहीं?" आम्हीं उत्तर दिलें, "तुम्हांला अजून तें कळावयाचें आहे." वर्ग हंसला, तास संपला. घरीं येतांना मात्र लक्षांत आलें कीं, ब्राझीलचे सेनापति जनतेला आणि क्लबांचे मालक खेळाडूंना शब्दशः हेंच उत्तर देत होते. सोक्रातेसचें प्रत्युत्तर, त्याच्या कृतींवरून पाहतां, असें दिसतें: कळतें म्हणून मत द्यावयाचें असें नव्हे, मत देतां देतां कळूं लागतें, आणि ज्यानें निर्णय घेतला आहे तो त्याचें ओझेंहि उचलतो. टाचेनें चेंडू देणाराचीच ही वृत्ति आहे. मागच्याला दिसत असेल, या भरंवशावर तो सोडून द्यावयाचा.

प्रयोग यशस्वी झाला काय? १९८२ आणि १९८३ अशीं लागोपाठ दोन वर्षें कोरिंथियन्सनें साओ पावलो प्रांताचें विजेतेपद मिळविलें. १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं प्रांतिक निवडणुका व्हावयाच्या होत्या. तत्पूर्वीं खेळाडू पाठीवर '१५ तारखेस मत द्या' अशा अर्थाचीं अक्षरें घेऊन मैदानांत उतरले. कोणाला मत द्या हें त्यांत नव्हतें, फक्त द्या एवढेंच. पुढल्या वर्षीं अंतिम सामन्यापूर्वीं त्यांनीं जो फलक धरला त्याचा आशय असा कीं, जिंकूं वा हरूं, पण लोकशाहीनेंच. वाक्य उदात्त आहे. टीकाकाराला मात्र एक कटु गोष्ट बोलून दाखवावी लागते. प्रयोग तगला, कारण संघ जिंकत होता. हरणाऱ्या संघाची लोकशाही कोणीं किती दिवस चालूं दिली असती, हा प्रश्न त्या फलकानें सुटत नाहीं. दुसरें असें कीं, मत प्रत्येकाचें एक असलें तरी आवाज प्रत्येकाचा सारखा नव्हता. राष्ट्रीय संघाचा कर्णधार बोलल्यावर राखीव खेळाडूचा हात किती मोकळेपणानें वर जाणार? १९८३ मध्यें आलेला नामांकित गोलरक्षक लेयाव या व्यवस्थेचा उघड विरोधक होता, आणि त्याचें म्हणणें केवळ वैतागाचें समजून सोडून देणें लोकशाहीवाद्यांना शोभणारें नाहीं.

याहून मोठी कसोटी १९८४ मध्यें लागली. राष्ट्राध्यक्ष जनतेच्या थेट मतानें निवडावा या मागणीसाठीं देशभर चळवळ उसळली होती. साओ पावलोच्या प्रचंड सभेंत सोक्रातेसनें जाहीर केलें कीं, घटनादुरुस्ती संमत झाली तर आपण इटलीला जाणार नाहीं. २५ एप्रिल रोजीं मतदान झालें. दुरुस्तीच्या बाजूनें २९८ मतें पडलीं. पाहिजे होतीं ३२०. बावीस मतांनीं दुरुस्ती फसली, आणि सोक्रातेस फ्लोरेन्सच्या फिओरेन्तिना क्लबांत निघून गेला.

या वचनाचें मूल्यमापन कसें करावयाचें? त्याच्या भक्तांना त्यांत त्याग दिसतो, आणि तो होताहि. इटलींतील पैशावर पाणी सोडण्यास तो तयार होता. परंतु आम्हांस या वचनाच्या रचनेंतच एक वैगुण्य दिसतें. जिंकलों तर राहीन. म्हणजे हरलों तर जाईन. माणसाची गरज हरलेल्या चळवळीला अधिक असते. सोक्रातेस गेल्यावर क्लबांतील प्रयोगहि लवकरच ओसरला. १९८५ मध्यें मुलकी राजवट आली खरी, पण थेट मतानें राष्ट्राध्यक्ष निवडण्यास १९८९ उजाडावें लागलें. एवढा काळ तो देशांत राहिला असता तर कांहीं निराळें घडलें असतें असा आमचा दावा नाहीं. मात्र भरंवसा टाकण्यांत जो इतका उदार, तो वाट पाहण्यांत कमी पडला, एवढें म्हणणें भाग आहे.

इटलींत तो रमला नाहीं. एका हंगामांतच परतला. १९८६ च्या मेक्सिकोमधील विश्वचषकांत तो पुन्हां खेळला. आदल्या वर्षींच्या भूकंपानें तो देश हादरला होता. 'मेक्सिको अजून उभा आहे' अशा अर्थाचे शब्द असलेली पट्टी सोक्रातेसनें कपाळावर बांधली होती. उपान्त्यपूर्व फेरींत फ्रान्सशीं १-१ अशी बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टीवर आला. आम्ही त्या वर्षीं कॉलेजांत नुकतेच दाखल झालों होतों. चाळींतल्या एका बिऱ्हाडांत दूरदर्शनसमोर वीस-पंचवीस जण दाटीनें बसले होते. रात्रीचे दोन वाजून गेले होते. पहिला सोक्रातेस आला. सगळे खेळाडू दुरून धांवत येऊन मारतात. हा एकदोन पावलांवर उभा राहिला आणि तेथूनच मारला. गोलरक्षक बात्सनें तो अडविला. ब्राझील हरला. "घमेंड!" असें कोणीतरी ओरडलें, आणि आम्हींहि मान डोलावली. आज आम्ही तो शब्द वापरणार नाहीं. थोडक्या पावलांची ती त्याची नेहमींचीच रीत होती, आणि त्याच रीतीनें पोलंडविरुद्ध त्यानें गोल केला होता. पण त्या रीतींत एक वृत्ति होतीच: शरीर हें बुद्धीच्या आज्ञेंत आहे, त्याला निराळी तयारी लागत नाहीं, अशी.

या वृत्तीनें त्याचा अखेर घात केला. खेळतांना तो धूम्रपान करी, मद्य घेई, आणि लपवीतहि नसे. डॉक्टर असून तो हें करी, यांत लोकांना बंडखोरीची ऐट वाटे; आम्हांस ती वाटत नाहीं. दुसऱ्याच्या बुद्धीचा, मताचा, स्वातंत्र्याचा आदर करणाऱ्या या मनुष्यानें स्वतःच्या देहाला मात्र कधीं मत दिलें नाहीं. सेरेझोच्या सैल चेंडूला आम्हीं निष्काळजीपणा म्हटलें. तोच दोष येथें अधिक मोठ्या प्रमाणावर आहे, आणि त्याला सौंदर्य म्हणण्याचा मोह टीकाकारानें आवरावा. ४ डिसेंबर २०११ रोजीं, सत्तावन्नाव्या वर्षीं, तो वारला. त्याच दिवशीं कोरिंथियन्सनें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. सामन्यापूर्वीं मैदानावरील खेळाडूंनीं, गोल केल्यावर तो उभारीत असे तशी मूठ वर करून त्याला निरोप दिला.

विश्वचषक त्याला मिळाला नाहीं. त्याचा धाकटा भाऊ राई १९९४ च्या विजेत्या संघांत होता. आंकड्यांनीं मोजणाराला थोरल्याचें आयुष्य अपुरें वाटेल. आमच्या मतें तें अपुरें नाहीं, सदोष आहे. आणि या दोहोंत फरक आहे. अपुऱ्या कृतींतून अर्थ लागत नाहीं. सदोष कृतींतून तो लागतो, दोषांसकट. कला कीं जीवन या जुन्या वादाला या आयुष्यानें दिलेलें उत्तर आम्हांस असें दिसतें कीं, देण्याची जी रीत मनुष्य आपल्या कलेंत कमावतो तीच त्याच्या नागरिकत्वाची रीत होते. निराळी हमाली करावी लागत नाहीं. सोक्रातेसला न पाहतां देतां येत होतें, म्हणून त्याला मालीश करणाराच्या मताचें भय वाटलें नाहीं.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आम्ही विसरलों नाहीं. गेल्या वर्षीं सत्राच्या आरंभीं आम्हीं ऐच्छिक वाचनाच्या पुस्तकाविषयीं वर्गाचीं मतें घेतलीं. बहुमतानें जें नाटक निवडलें गेलें तें आम्हांस फारसें आवडत नाहीं. सध्यां आम्ही तेंच शिकवीत आहों.